‘कामाला असणे’ आणि ‘काम करणे’ : रोजगार-संबंधांच्या पदव्युत्तर अभ्यासातील एक मूलभूत प्रश्न

रोजगार-संबंधांच्या व्यवस्थापनाचा पदव्युत्तर अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याला प्रथम कामगार-कायदे, नंतर संघटनांचा इतिहास आणि शेवटी वाटाघाटींचे तंत्र शिकविले जाते. या सर्वांच्या आधी येणारा एक प्रश्न मात्र बहुधा गृहीत धरला जातो. तो म्हणजे, कामगार कोणाला म्हणावयाचे? हा प्रश्न वरवर केवळ शब्दार्थाचा वाटतो. वस्तुतः पगारी रजा, किमान वेतन, प्रसूति-लाभ आणि भविष्यनिर्वाह निधी या साऱ्यांचे भवितव्य त्याच्या उत्तरावर अवलंबून असते. भंडारा जिल्हा ज्या विडी-धंद्यासाठी दीर्घकाळ ओळखला गेला, त्या धंद्याच्या आधारे या प्रश्नाचा विचार येथे केला आहे.

१. विषयाचे नाव व त्याची कक्षा

हे शास्त्र जन्माला आले ते कारखान्याच्या फाटकापाशी. सिडनी व बिॲट्रिस वेब या दांपत्याने १८९७ मध्ये इंग्लंडातील कामगार-संघांचे विवेचन केले. पुढे अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात जॉन कॉमन्स यांनी या अभ्यासाला विद्यापीठीय प्रतिष्ठा मिळवून दिली. १९५८ मध्ये जॉन डनलॉप यांनी कामगार, व्यवस्थापक आणि शासन अशा तीन पक्षांची व्यवस्था म्हणून औद्योगिक संबंधांची मांडणी केली.

आपल्याकडील क्रमही याहून वेगळा नाही. मुंबईत १९३६ साली समाजकार्याचे उच्च शिक्षण देणारी जी टाटा संस्था निघाली, तिच्यात श्रमकल्याणाचा अभ्यास होऊ लागला. १९४७ मध्ये मुंबई सरकारने परळच्या गिरणगावात कामगार-शिक्षणाची स्वतंत्र संस्था काढली. तिला आज नारायण मेघाजी लोखंडे यांचे नाव असून, मुंबई विद्यापीठाची श्रमविज्ञानातील पदव्युत्तर पदवी तेथे दिली जाते. १९४९ मध्ये पोलादनगरी जमशेदपूर येथेही अशीच संस्था उभी राहिली. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने पाचशे वा अधिक कामगारांच्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमण्याचे बंधन घातले आणि या पदव्यांना निश्चित उपयोग प्राप्त झाला. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने ती संख्या अडीचशेवर आणली आहे.

तात्पर्य, गिरणी, फाटक, हजेरीपट आणि भोंगा या परिसरात या शास्त्राची परिभाषा घडली. पुढे ‘औद्योगिक संबंध’ या नावाच्या जागी ‘रोजगार-संबंध’ हे व्यापक नाव येऊ लागले, ते ही कक्षा अपुरी पडल्यामुळेच. परंतु नाव बदलल्याने दृष्टी बदलतेच असे नाही.

२. दिघोरीतून पाहिले असता

लाखांदूर तालुक्यातील दिघोरी (मोठी) हे भातपट्ट्यातील गाव. अशा गावात रोजगाराचे संबंध नाहीत असे नाही. किंबहुना त्यांच्यासाठी बोलीत सूक्ष्म भेद करणारे शब्द आहेत. वर्षाच्या बोलीने राहणारा तो सालदार. दिवसाच्या मजुरीवर जाणे म्हणजे रोजीने जाणे. रोवणीचे काम ठरीव रकमेवर उक्ते घेणे म्हणजे हुंडा घेणे. या हुंड्याचा लग्नातील देण्याघेण्याशी संबंध नाही, हे सांगावयास नकोच.

या शब्दांहूनही बोधक आहे ती वाक्यांची रचना. सालदाराविषयी बोलताना ‘तो अमक्याकडे कामाला आहे’ असे म्हणतात. या वाक्यात ‘-कडे’ या शब्दयोगी अव्ययाने धन्याचे स्थान राखून ठेवलेले असते. धनी कोण हे सांगितल्यावाचून वाक्य पुरे वाटत नाही. उलट घरी विड्या वळणाऱ्या बाईविषयी लोक म्हणतात, ‘ती विड्या वळते’. येथे कर्ता आहे, कर्म आहे, क्रिया आहे; धन्याला जागाच नाही. तंबाखू व तेंदूची पाने कोणी दिली, वळलेल्या विड्या कोणी मोजून घेतल्या, दर हजारी मजुरी कोणी ठरविली, हे सारे वाक्याबाहेर राहते. दळणकांडणाच्या घरकामाप्रमाणेच तेही एक घरकाम भासते.

व्याकरणातील ही रिकामी जागा धंद्याच्या रचनेला अत्यंत सोयीची होती. मूळ कारखानदार आणि वळणारी बाई यांच्यामध्ये सट्टेदार असे. तो कारखान्यातून माल आणी, घरोघर वाटी आणि तयार विड्या पोचवी. बाईला सट्टेदार दिसे, कारखानदार दिसत नसे. आणि कारखानदाराच्या वहीत सट्टेदाराचे नाव असे, बाईचे नसे.

३. न्यायालयापुढील शब्द

भंडारा जिल्हा तेव्हा मध्य प्रांत व वऱ्हाड या प्रांतात होता. १९४८ मध्ये या प्रांताने एक अधिनियम करून, शेतीच्या हंगामात ठरविलेल्या गावांत विड्या वळण्यास मनाई करण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना दिला. शेतीला मजूर कमी पडू नयेत हा हेतू होता. विडीचे हात आणि रोवणीचे हात एकच आहेत, हे शासनाने यात मान्य केले होते. नोव्हेंबर १९५० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, ही सरसकट बंदी धंद्याच्या स्वातंत्र्यावरील अवाजवी निर्बंध आहे, असे ठरवून ती रद्द केली.

यानंतरचा वाद ‘कामगार’ या शब्दाचा होता. १९४८ च्या कारखाने अधिनियमानुसार उत्पादनक्रियेत ‘कामावर लावलेली’ व्यक्ती ती कामगार. १९५८ मध्ये सागर येथील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सट्टेदार हे स्वतंत्र ठेकेदार असल्याचे मानले. सबब ते व त्यांची माणसे कारखान्याचे कामगार ठरले नाहीत. डिसेंबर १९६० मध्ये नागपूरच्या विडी कामगारांचे प्रकरण आले. ते कारखान्यात बसून विड्या वळत. येण्याजाण्याची त्यांना बरीच मोकळीक होती आणि मजुरी कामावर मिळे. त्यांनी पगारी रजा मागितली होती. वळलेली विडी ठरीव प्रतीची नसेल तर ती नाकारण्याचा अधिकार मालकास आहे. हेच नियंत्रण होय. म्हणून हे लोक कामगार आहेत, असा निर्णय झाला. त्यानंतर लवकरच, जवळपास तशाच स्वरूपाच्या दुसऱ्या प्रकरणात, बहुमताने उलट निर्णय दिला गेला. १९६४ मध्ये मद्रासकडील प्रकरणात मात्र मधला ठेकेदार हा मालकाचा केवळ हस्तक असून घरी वळणारेही मालकाचेच कामगार आहेत, असे ठरले.

ज्या कृतीवरून नियंत्रण सिद्ध झाले ती विडी नाकारण्याची कृती कामगारांच्या बोलीत ‘छाट’ या शब्दाने ओळखली जाते. मजुरी कापली जाते ती छाटीमुळे, आणि मालक कोण हे उघड होते तेही छाटीमुळे. न्यायालयाला जो निकष दीर्घ युक्तिवादानंतर सापडला, तो वळणाऱ्या बाईच्या रोजच्या बोलण्यात होता. तिच्या वाक्यात धन्याचा प्रवेश होतो तो ‘विड्या वळते’ या वाक्यात नव्हे, तर ‘त्याने इतकी छाट काढली’ या वाक्यात.

४. व्याख्येची दुरुस्ती

१९६६ च्या विडी व सिगार कामगार अधिनियमाने ही रिकामी जागा भरून काढली. मालकाने किंवा ठेकेदाराने दिलेल्या कच्च्या मालापासून घरी विड्या वळणारी व्यक्ती त्याने ‘कर्मचारी’ या व्याख्येत स्पष्टपणे घेतली. १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा अधिनियम वैध ठरविला. १९८५ मध्ये, घरी वळणाऱ्यांनाही भविष्यनिर्वाह निधीचा कायदा लागू आहे, असा निर्णय झाला. त्यातही आधार होता तो विडी नाकारण्याच्या अधिकाराचाच.

तथापि प्रश्न मिटला असे समजणे योग्य नव्हे. दिनांक २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रम संहिता अमलात आल्या असून १९६६ चा अधिनियम त्यांपैकी एकीत विलीन झाला आहे. सामाजिक सुरक्षा संहितेत ‘गृहाधारित कामगार’ अशी निराळी व्याख्या आहे. तिच्यातच ‘मंच कामगार’ नावाचा नवा वर्ग आहे. भ्रमणध्वनीवरील मागणीनुसार माल पोचविणारा तरुण कोणाकडे कामाला आहे? त्याच्याही वाक्यात ‘-कडे’ची जागा रिकामी आहे, आणि त्याला काम देणारे वा नाकारणारे यंत्र सट्टेदाराहूनही दूरस्थ आहे.

५. अध्यापनाच्या दृष्टीने

आपल्या भाषेने या बाबतीत पूर्वीही वळणे घेतली आहेत. ‘कामगार’ हा शब्दच पाहावा. ‘कामगार पाटील’, ‘कामगार तलाठी’ या प्रयोगांत त्याचा अर्थ काम पाहणारा अधिकारी असा आहे. गिरण्यांच्या काळात तो श्रम करणाऱ्याचा वाचक झाला. शब्दाचा अर्थ व्यवहार ठरवितो, आणि एकदा ठरलेला अर्थ पुढे व्यवहारावर सत्ता चालवितो.

यास्तव रोजगार-संबंधांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात, व्याख्यांचे कलम पाठ करविण्यापूर्वी, विद्यार्थ्याला एक साधी कसोटी द्यावी. ज्या व्यक्तीचा अभ्यास करावयाचा, ती आपल्या कामाविषयी कोणती वाक्ये बोलते ती जशीच्या तशी टिपावीत. माल कोण देतो, माप कोण घेतो, छाट कोण काढतो आणि दर कोण ठरवितो, या चार प्रश्नांची उत्तरे तिच्याच शब्दांत मिळवावीत. मालक सापडतो तो या उत्तरांत. हजेरीपटावर तो असेलच असे नाही. दिघोरीसारख्या गावातून येणाऱ्या विद्यार्थ्याला हे शब्द घरचेच असतात. पदवी घेऊन एखाद्या कारखान्यात तो कल्याण अधिकारी होईल, तेव्हा फाटकाच्या आतील माणसे त्याला दिसतीलच. फाटकाबाहेर, आपापल्या ओसरीवर बसून त्याच कारखान्यासाठी राबणारी माणसेही त्याला दिसली, तर या शास्त्राने आपले नवे नाव सार्थ केले असे म्हणता येईल.