जानुमर्माचे जटिल भग्न : शस्त्रकर्म आणि वैद्याचे कर्तव्य

सुश्रुताचार्यांनी जानु हे तीन अंगुळ प्रमाणाचे वैकल्यकर संधिमर्म मानले असून त्याच्या आघाताने खंजता येते, असे शारीरस्थानात सांगितले आहे. नडगीच्या हाडाचा माथा फुटून सोबत लिगामेंटही तुटतात, तेव्हा या वचनाची प्रचिती येते.

विजयदुर्ग परिसरात हापूसच्या झाडावरून पडलेला किंवा दुचाकीवरून घसरलेला रुग्ण पुष्कळदा प्रथम जवळच्या वैद्याकडेच आणला जातो. अशा वेळी हाडाइतकाच गुडघ्यामागील मुख्य धमनीचा विचार व्हावा. ती दुखावल्यास सहा ते आठ तासांत रक्तप्रवाह पूर्ववत न झाल्यास पाय गमावण्याचा धोका फार वाढतो.

प्रथम परीक्षण : पावलावरील व घोट्यामागील नाडी दोन्ही पायांत तुलनेने पाहावी. पाऊल गार वा फिकट आहे काय, रुग्णास ते वर उचलता येते काय, पोटरी दगडासारखी ताठ झाली आहे काय, बोटे हलविताच असह्य वेदना होतात काय, हे नोंदवावे. नाडी लागली म्हणून निर्धास्त राहू नये. परीक्षण पुनःपुन्हा करावे. निखळलेला गुडघा आपोआप जागेवर बसल्यास क्ष-किरण चित्रही फसवे ठरते.

कुशाबंधन : मांडीपासून पावलापर्यंत आधार द्यावा, बोटे उघडी ठेवावीत. शिथिल बंधाने संधीस स्थैर्य येत नाही व गाढ बंधाने शोफ, वेदना आणि पाक होतो, हा सुश्रुतोक्त इशारा येथे तंतोतंत लागू पडतो. अभ्यंग, मर्दन व ओढाताण सर्वथा वर्ज्य.

शस्त्रकर्म : शाट्झकर यांनी १९७९ मध्ये या भग्नांचे सहा प्रकार सांगितले. त्यांपैकी चौथ्यात, म्हणजे आतील बाजूच्या भग्नात, लिगामेंट व धमनीच्या इजेची शंका विशेष धरावी. सूज फार असल्यास प्रथम बाहेरून सळ्या लावून संधी स्थिर करतात. सीटी स्कॅननंतर, त्वचेवर सुरकुत्या दिसू लागल्यावर, सांध्याचा पृष्ठभाग समतल करून प्लेट व स्क्रू बसवितात. हाडाच्या तुकड्यासह सुटलेले लिगामेंट त्याच वेळी जोडता येते; मधल्या क्रूसबंधाची पुनर्रचना बहुधा हाड सांधल्यावर करतात.

पाठवणी : १०८ रुग्णवाहिका बोलावून, ओरोस, कोल्हापूर वा बांबोळी यांपैकी कोठे रक्तवाहिनीचे शस्त्रकर्म त्वरित होऊ शकेल, हे दूरध्वनीवर विचारूनच रुग्ण पाठवावा. घाट वा महामार्ग, दोन्हीकडे मोलाचा वेळ खर्च होतो. चिठ्ठीत इजेची वेळ व नाडीची स्थिती अवश्य लिहावी.

पश्चात्कर्म : शल्यतज्ज्ञाच्या अनुमतीने गुडघा लवकर हलवावा; पायावर भार मात्र सांगेपर्यंत देऊ नये. जखम पूर्ण भरल्यावरच बाह्य स्नेहन योजावे. रक्त पातळ ठेवणारे औषध चालू असता गुग्गुळकल्प शल्यतज्ज्ञास विचारल्याविना देऊ नयेत.

खंजता टाळणे हे शल्यतज्ज्ञ व वैद्य दोघांचेही साध्य आहे. त्यातील पहिला तास बहुधा आपल्या हाती असतो, याचे भान वैद्यबंधूंनी ठेवावे, ही नम्र विनंती.