तेलातला कचरा: जुन्या पोकलेनच्या हायड्रोलिक प्रणालीची दुरुस्ती

दूषण म्हणजे काय

हायड्रोलिक तेल शक्ती वाहून नेते, हलत्या भागांना वंगण पुरवते आणि उष्णताही बाहेर काढते. धातूचे कण, धूळ, पाणी, हवा किंवा झिजलेल्या सीलचे रबर तेलात मिसळले, की ही तिन्ही कामे बिघडतात. सर्वांत घातक कण डोळ्यांना दिसत नाहीत. माणसाचा केस सुमारे 70 मायक्रॉन जाड असतो, तर पंपातील पिस्टन आणि व्हॉल्व्हमधील स्पूल यांच्याभोवतीची फट जेमतेम काही मायक्रॉनची असते. फटीएवढा कण आत शिरला की दोन्ही पृष्ठभाग खरवडतो आणि त्यातून नवे कण सुटतात. त्यामुळे दूषण आपले आपणच वाढत जाते.

कचरा कुठून येतो

सिलिंडरच्या दांड्यावरचा वायपर सील झिजला, की दांड्याला चिकटलेली माती आत जाते. दांडा बाहेर सरकतो तेव्हा टाकीतली पातळी उतरते आणि तेवढी हवा टाकीच्या श्वसनछिद्रातून, म्हणजे ब्रीदरमधून, आत ओढली जाते. खडीक्रशरजवळ ती धुळीने भरलेली असते, कोकणच्या पावसाळ्यात बाष्पाने. उघड्या बादलीतून तेल ओतण्याची सवय यात भर घालते. उरलेला कचरा यंत्र स्वतःच तयार करते.

निदान

यंत्र चालून तेल गरम झाल्यावर, चालू प्रवाहातून, स्वच्छ बाटलीत नमुना घेतात. टाकीच्या तळाचा नमुना फसवा असतो, कारण तिथे जुना गाळ साचलेला असतो. दुधाळ रंग पाण्याकडे किंवा हवेकडे बोट दाखवतो. नमुना काही काळ स्थिर ठेवल्यावर हवेमुळे आलेला दुधाळपणा निवळतो, पाण्याचा सहसा टिकतो. सर्वांत बोलका पुरावा जुन्या फिल्टरमध्ये मिळतो. तो फिल्टर कटरने उघडावा लागतो. करवतीने कापल्यास करवतीचाच कीस आत पडतो. घड्या पसरून चुंबक फिरवला, की पोलादाचे कण त्याला चिकटतात. न चिकटणारे सोनेरी तुकडे बहुधा पितळी किंवा ब्राँझच्या भागांचे असतात, आणि तेव्हा संशय पिस्टन पंपावर किंवा मोटरवर जातो.

नुसता पंप बदलणे का पुरत नाही

जुन्या यंत्रांच्या दुरुस्तीत सर्वांत महागडी चूक इथेच होते. फुटलेल्या पंपाचा चुरा व्हॉल्व्ह, सिलिंडर, फिरण्याच्या व चालण्याच्या मोटरी आणि ऑइल कूलर यांत पसरलेला असतो. टाकी रिकामी केली तरी तेलाचा मोठा भाग होज, सिलिंडर आणि कूलरमध्ये तसाच राहतो. नवा पंप बसवल्यावर हा चुरा तेलाबरोबर फिरत राहतो आणि काही काळात नवा पंपही निकामी होतो. कूलरच्या अरुंद नळ्यांतून धातूचा कीस पूर्णपणे काढणे फार कठीण असते, म्हणून मोठ्या बिघाडानंतर कूलर बदलणेच हिताचे ठरते.

धुलाईचा क्रम

आधी बूम आणि बकेट जमिनीवर टेकवून इंजिन बंद करतात, लिव्हर हलवून उरलेला दाब सोडतात आणि दाबाखाली तेल साठवणारा ॲक्युम्युलेटर रिकामा करतात. बारीक छिद्रातून उडणारे उच्चदाबाचे तेल त्वचेत शिरून हात गमावण्याइतकी इजा करू शकते, त्यामुळे गळती हाताने चाचपणे पूर्णपणे वर्ज्य. टाकी उघडून आतून पुसतात, पण धागे सुटणारे कापड वापरत नाहीत. सिलिंडर आणि मोटरी सुट्या करून साफ करतात. त्यांच्याकडे जाणाऱ्या होजची तोंडे एकमेकांना जोडली, की बाहेरच्या पंपाने तेल त्या वळशातून फिरवून गाळता येते. हा प्रवाह संथ असून चालत नाही. रेनॉल्ड्स अंक 4000 च्या वर गेला, म्हणजे प्रवाह खळाळता झाला, तरच नळीच्या भिंतीला चिकटलेले कण सुटतात. यासाठी पातळ किंवा गरम तेल वापरतात. शेवटी नवे तेलही गाळूनच भरतात, कारण नव्या बॅरलमधले तेल पुरेसे स्वच्छ असेलच असे नाही. पिस्टन पंपाचे आवरण तेलाने भरल्याशिवाय इंजिन सुरू करणे म्हणजे नवा पंप कोरडा फिरवणे.

स्वच्छतेचे माप

आयएसओ 4406 या मानकात एक मिलिलिटर तेलातील 4, 6 आणि 14 मायक्रॉन व त्याहून मोठ्या कणांसाठी तीन अंक असतात. अंक एकने वाढला की कणसंख्या साधारण दुप्पट होते. 18/16/13 मधील पहिला अंक 1300 ते 2500 कण दर्शवतो. पिस्टन पंपांसाठी हा संकेत अनेकदा लक्ष्य मानला जातो. तेल पुरेसे स्वच्छ आहे की नाही, हे रंग पाहून ठरत नाही. यंत्र कामाला लागल्यावर पहिल्या सुमारे 50 तासांनी फिल्टर बदलून पुन्हा नमुना तपासणे योग्य.

मर्यादा

धुलाईने कण जातात, झीज भरून येत नाही. स्पूल आणि त्याचे छिद्र जोडीने घासून जुळवलेले असते. त्यावर खोल ओरखडे पडले, तर तेल कितीही स्वच्छ असले तरी गळती आतल्या आत चालूच राहते. पाण्याचीही अडचण आहे: पाणी शोषणारा फिल्टर मोकळे पाणी काढतो, विरघळलेल्या पाण्यासाठी निर्वात यंत्रणा लागते. झीज अशी धुऊन जात नसल्याने जुने यंत्र खरेदी करताना पंपाच्या आवरणातली गळती परत नेणाऱ्या केस ड्रेनमधून ठरावीक दाबाला किती तेल परत येते, हे मोजून उत्पादकाच्या मर्यादेशी ताडून पाहिले जाते. ते प्रमाण मर्यादेबाहेर असेल, तर धुलाईच्या खर्चात पंपाचाही खर्च धरावा लागतो.