वाढत्या अंगाचा स्नोबोर्ड

आमच्या लहानपणी शाळेचा गणवेश वाढत्या अंगाचा शिवत. जूनमध्ये गुडघ्याखाली लोंबणारी चड्डी एप्रिलपर्यंत मापात येई, आणि मापात आली की धाकट्या भावाकडे जाई. पुढे बँकेत लोकांचे पैसे सांभाळता सांभाळता ही काटकसर अंगात मुरली. काही वर्षांपूर्वी मात्र अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात ती सपशेल तोंडघशी पडली. म्हणजे मी पडलो नाही. पडली माझी अकरा वर्षांची नात.

मुलगा तिकडे नोकरीला. आम्ही दोघे हिवाळ्यात त्याच्याकडे गेलो, तेव्हा नातीने स्नोबोर्डचा हट्ट धरला होता. स्कीइंगमध्ये दोन पायांना दोन पट्ट्या असतात. इथे एकच फळी, तिच्यावर दोन्ही पाय आडवे बांधायचे आणि बर्फाच्या उतारावरून घसरत जायचे. या खेळाचा जन्मही एका बापाच्या हौसेतला. १९६५च्या नाताळात मिशिगनमधल्या मस्कीगन गावी शर्मन पॉपेन यांनी आपल्या मुलींसाठी दोन स्की एकमेकींना जोडल्या. त्या फळीवर पाय बांधायची सोय नव्हती. १९७७ साली जेक बर्टन कारपेंटर यांनी व्हरमाँटमध्येच फळ्या बनवायला सुरुवात केली आणि पाय बांधून फळीवर ताबा मिळवायची वाट रुळवली. १९९८ मध्ये जपानच्या नागानोला हा खेळ ऑलिंपिकमध्ये दाखल झाला.

जवळच्या एका शाळेत वापरलेल्या सामानाची विक्री होती. तिथे मला १४० सेंटिमीटरचा स्नोबोर्ड बाइंडिंगसकट स्वस्तात मिळाला. बूटही घेतले, दीड नंबर मोठे.

"बाबा, हा तिच्यापेक्षा उंच आहे," मुलगा म्हणाला.

"अरे, वाढेल की ती!"

पैसे मी देत होतो, म्हणून तो गप्प बसला.

पहिल्याच दिवशी ती किती वेळा पडली, याचा हिशेब मी सोडून दिला. फळी वळायचीच नाही. दुपारी ती बर्फात बसली, पट्टे सोडले आणि हळूच म्हणाली, "आजोबा, मला हे येणारच नाही."

तिने फळीला दोष दिला असता तर मला एवढे लागले नसते. तिने दोष स्वतःला दिला होता.

पायथ्याशी भाड्याने सामान देणाऱ्या खिडकीवर एक वयस्क शिक्षक उभे होते. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "वजन किती हिचे?" बत्तीस किलो. मग त्यांनी आम्हाला जे समजावले, ते पहिल्यांदा स्नोबोर्ड घेणाऱ्या कोणालाही उपयोगी पडेल.

खरेदी बुटांपासून सुरू करायची. ताठ उभे राहिल्यावर बोटे पुढे जेमतेम टेकावीत, गुडघे वाकवले की किंचित मागे सरावीत, आणि टाच आत उचलली जाऊ नये. दोन मोजे चढवून मोठा बूट भरून काढू नये.

फळीची लांबी उंचीवरून नव्हे, आधी वजनावरून ठरते. प्रत्येक फळीसोबत वजनाचा तक्ता असतो; नवख्याने त्यातली आखूड बाजू धरावी. रुंदी बुटावरून ठरते. फळी फार अरुंद असली तर बुटाची टोके बर्फात घासतात. फार रुंद असली तर एका कडेवरून दुसऱ्या कडेवर जायला जोर लागतो. शिकताना लवचीक फळी बरी. पाठीला धनुष्यासारखी कमान असलेल्या फळीची कड चटकन बर्फात रुतते. होडीच्या बुडासारखी, दोन्ही टोकांना उचललेली फळी चुका पोटात घालते.

बाइंडिंग बुटाच्या मापाचे आणि मऊ असावे. फळीवरच्या भोकांच्या मांडणीशी ते जुळते का, हे विकत घेण्यापूर्वीच पाहावे. स्कीचे बाइंडिंग पडताना सुटते, स्नोबोर्डचे सुटत नाही. म्हणून घट्ट पण न रुतणारी पकड महत्त्वाची. कोणता पाय पुढे? घरी मोजे घालून फरशीवर घसरून पाहावे. जो पाय आपसूक पुढे जातो, तो पुढचा. पुढचा पाय सुमारे १५ अंश पुढे वळवायचा, मागचा सरळ किंवा थोडा मागे. बोर्डावर पैसे वाचवावेत, हेल्मेटवर नाही. नवखे लोक पडताना हात टेकतात, त्यामुळे मनगटांनाही संरक्षण हवे.

"आणि वाढत्या मुलासाठी?" मी अपराधी स्वरात विचारले.

"विकत घेऊ नका. हंगामभर भाड्याने घ्या. पुढच्या वर्षी मोठे माप मिळेल."

बँकेतला माणूस असून हे मला सुचले नव्हते!

तिला १२० सेंटिमीटरची फळी आणि पायाच्या मापाचे बूट मिळाले. दुसऱ्या दिवशीही ती पडली, नाही असे नाही. पण तासाभराने तिने डावीकडे एक वळण घेतले, मग उजवीकडे एक, आणि मागे वळून मी पाहतोय ना, याची खात्री करून घेतली.

माझा १४०चा बोर्ड मुलाच्या गॅरेजमध्ये भिंतीला टेकून राहिला. तीन हिवाळ्यांनी नातीचे वजन त्या तक्त्यात बसले, तेव्हा तिने तो आपणहून बाहेर काढला. फोनवर मला म्हणाली, "आजोबा, तुमचा बोर्ड आता माझ्या मापाचा झाला."

आई गणवेशाच्या आत दोन बोटे दाब घालून ठेवायची. अंग वाढले की उसवून सोडायची. कापडाला ते जमते. शिकायच्या पहिल्या दिवशी मुलाच्या पायाखाली जे असेल, ते मात्र त्या दिवशीच्या मापाचे हवे.