जाड बूट आणि गिअरची तरफ

तरफेचा धडा शिकवताना आपण कात्री, अडकित्ता आणि पहार यांच्यापाशी थांबतो. मुलांच्या घरी रोज पायाने चालवली जाणारी एक तरफ मात्र सहसा राहून जाते. ती म्हणजे मोटारसायकलचा गिअर लिव्हर. एका टोकाला पायाचा पंजा, दुसऱ्या टोकाला गिअरपेटीतून बाहेर आलेला दांडा. पंजाने दिलेले बल आणि दांड्यापासूनचे अंतर यांचा गुणाकार, म्हणजे आघूर्ण, तो दांडा फिरवते.

डर्ट बाईकवर, म्हणजे चिखल, खडक आणि उड्या यांच्यासाठी बांधलेल्या मोटारसायकलवर, या तरफेचा खरा कस लागतो. तिथे चालकाच्या पायात गुडघ्याखालपर्यंत येणारा बूट असतो. त्याचा तळ जाड, टोक कडक आणि घोट्याची हालचाल मर्यादित. पडल्यावर घोटा पिरगळू नये म्हणूनच तो तसा केलेला असतो. त्यामुळे गैरसोय झाली तर बदलायचा तो लिव्हर, बूट नव्हे.

गैरसोय कशी होते ते पाहू. वरचा गिअर टाकताना पंजा लिव्हरखाली घालून तो उचलावा लागतो. समजा लिव्हरखाली 5 सेंमी जागा आहे आणि बुटाचे टोक 6.5 सेंमी उंच आहे. मग पाय तिरका करून कसेबसे टोक घुसवावे लागते आणि लिव्हर पुरता उचललाच जात नाही. गिअरपेटीतील खाचांचा ढोल प्रत्येक पूर्ण झटक्याला एक पायरी फिरतो. झटका अर्धा राहिला तर गिअर दोन पायऱ्यांच्या मध्ये अडकतो, इंजिन गुरगुरते आणि चाकाला ओढ मिळत नाही. सपाट रस्त्यावर याचे हसू येईल. खडकाळ चढणीवर मात्र गाडी थांबून मागे घसरू लागते.

उपाय सोपा वाटतो : लिव्हर दांड्यावरून काढा आणि थोडा वर फिरवून पुन्हा बसवा. दांड्यावर उभे दाते असतात आणि लिव्हरच्या भोकात त्यांना जुळणाऱ्या खाचा. पण इथेच मौज आहे. समजा दाते 24 आहेत. मग एक दाता म्हणजे 15 अंश. लिव्हर 12 सेंमी लांब आणि जवळजवळ आडवा असेल तर टोक एका दात्याने सुमारे 3.1 सेंमी वर जाते. आपल्याला हवे होते 1.5 सेंमी! मूळ जागी बूट आत जात नाही, आणि एक दाता वर नेला तर पहिल्या गिअरसाठी लिव्हर दाबायला पाय फारच उचलावा लागतो.

मग दातेच बारीक का करत नाहीत? हा प्रश्न वर्गात जरूर टाका. दर पायरीला 1.5 सेंमी हवे तर सुमारे 50 दाते लागतील. दांड्याचा व्यास 12 मिमी धरला तर परीघ सुमारे 38 मिमी, म्हणजे प्रत्येक दात्याच्या वाट्याला पाऊण मिलिमीटर येतो. बुटाच्या लाथा आणि दगडांचे तडाखे खाऊन असे दाते लवकरच झिजून गुळगुळीत होतील.

मधला मार्ग भूमितीत सापडतो. लिव्हर दांड्यापासून न फिरवता मध्यावर, म्हणजे 6 सेंमीवर, 15 अंशांत वाकवला तर टोक सुमारे 1.55 सेंमीच वर जाते. अर्ध्या त्रिज्येने अर्धी पायरी! मात्र वाकवण्यापूर्वी धातू ओळखावा. पोलादी लिव्हर लाल तापवून वाकवता येतो. ॲल्युमिनिअमच्या मिश्रधातूचा लिव्हर वितळायला आला तरी दिवसाच्या उजेडात लाल दिसत नाही. तापवल्यावर त्याची कणखरता जाते आणि थंड वाकवला तर तो तडकू शकतो. तो बदललेलाच बरा. तापवणे किंवा वेल्डिंग असेल तर लिव्हर गाडीवरून काढूनच करावे, नाहीतर दांड्यावरचे रबरी ऑइल सील जळते.

काही मोटारसायकलींत लिव्हर आणि दांडा यांच्यामध्ये एक जोडकाठी असते. तिच्या एका टोकाला उजवे आटे, दुसऱ्याला डावे. काठी फिरवली की दोन्ही टोके एकदम जवळ येतात किंवा लांब जातात. आट्यांचे अंतर 1 मिमी असेल तर एका फेऱ्यात लांबी 2 मिमी बदलते. काठी लिव्हरच्या टेकूपासून 3 सेंमीवर जोडलेली असेल तर 12 सेंमीच्या लिव्हरचे टोक त्याच्या चौपट, म्हणजे 8 मिमी हलते. दात्यांच्या पायऱ्या इथे उरत नाहीत. चेकनट मात्र घट्ट हवा.

मोठ्या बुटासाठी लिव्हर लांब करण्याचीही हौस असते. फूटरेस्टवर पाय ठेवल्यावर लिव्हर पंजाऐवजी बुटाच्या बक्कलाशी येत असेल तर ते आवश्यकच. पण 12 चे 14 सेंमी केले की लागणारे बल सातव्या हिश्श्याने कमी होते आणि टोकाचा प्रवास सहाव्या हिश्श्याने वाढतो. (एकीकडे सातवा आणि दुसरीकडे सहावा हिस्सा का, हे मुलांना शोधू द्या. कार्य तेवढेच राहते.) कडक बुटातल्या घोट्याला बलाची वाण नसते, हालचालीची असते. म्हणून गरज नसताना लांबी वाढवणे मला चुकीच्या दिशेचे वाटते. शिवाय लांब टोक दगडाला लवकर अडते. डर्ट बाईकच्या लिव्हरचे टोक स्प्रिंगवर दुमडणारे असते ते याचसाठी. ते घट्ट वेल्ड केले तर तडाखा थेट दांड्याला बसतो.

माप घेताना बूट घालून आधी बसावे आणि मग फूटरेस्टवर उभे राहावे. डर्ट बाईकवर बराच वेळ उभ्यानेच जातो आणि तेव्हा पंजाचा कोन बदलतो. दोन्ही स्थितींत टोक खाली शिरले पाहिजे आणि नुसता टेकलेला पाय लिव्हरवर दाब देता कामा नये, कारण लिव्हर स्प्रिंगने मध्यावर परतल्याशिवाय पुढचा गिअर पकडत नाही. नंतर मागचे चाक अधांतरी ठेवून, इंजिन बंद असताना, एका हाताने चाक फिरवत, दुसऱ्या हातात धरलेल्या बुटाच्या टोकाने सगळे गिअर वर-खाली टाकून पाहावेत. लिव्हर कुठेही इंजिनाच्या झाकणाला टेकत असेल, तर वाक पुन्हा दुरुस्त करावा लागेल.