चार इंजेक्शनं आणि पाळीची एक तारीख

'स्टिरॉइड' म्हटलं की गटाच्या बैठकीत बायका दचकतात. गरोदर सुनेला ते दिलं तर सासूबाई विचारतात, "बाळाला अपाय नाही ना होणार?" म्हणून आज आपण डेक्सामेथासोनविषयी बोलू.

पोटातल्या बाळाची फुप्फुसं तयार व्हायला वेळ लागतो. त्यातल्या हवेच्या बारीक पिशव्या मिटून जाऊ नयेत म्हणून आतून एक पातळ, साबणासारखा थर लागतो. दिवस भरण्याआधी बाळ जन्मलं तर हा थर पुरेसा नसतो, बाळाला धाप लागते. आईला दिलेलं हे औषध वारेतून बाळापर्यंत पोचतं आणि तो थर लवकर तयार होतो. न्यूझीलंडच्या डॉ. लिगिन्स आणि डॉ. हॉवी यांनी १९७२ साली याच जातीच्या औषधाने हे दाखवून दिलं.

मग भीती का? २०१५ साली सहा देशांतला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात आपलं नागपूर आणि बेळगावही होतं. गावपातळीवर हे औषध वाढवलं, तर बाळांचे मृत्यू हजारी सुमारे २४ ऐवजी २७ झाले. इंजेक्शन घेतलेल्या बऱ्याच जणींची बाळंतपणं लवकर झालीच नाहीत. आईला जंतुसंसर्ग झाल्याचेही जास्त आढळले.

पुढे जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांत पुन्हा तपासलं. या वेळी औषध रुग्णालयातच दिलं, सोनोग्राफीने दिवस मोजले, संसर्ग नाही याची खात्री केली. २०२० साली निकाल आला: औषध दिलेल्या दर २५ मातांमागे एक बाळ जास्त वाचलं, आणि आईचा संसर्ग वाढला नाही.

औषध तेच. फरक दिवसांच्या हिशेबाचा आणि जागेचा.

आपल्याकडे २४ ते ३४ आठवड्यांत बाळंतपणाची चिन्हं दिसली तर ६ मिलिग्रॅमची चार इंजेक्शनं, दर १२ तासांनी देतात. त्यासाठी दिवस नेमके कळायला हवेत. म्हणून शेवटच्या पाळीची तारीख कॅलेंडरवर लिहा, पाळी चुकताच आशाताईंना सांगा, पहिली सोनोग्राफी लवकर करून घ्या. वेळेआधी कळा आल्या, पाणी गेलं किंवा अंगावरून रक्त गेलं, तर "सकाळी बघू" म्हणू नका. १०८ ला फोन करा आणि नवजात बाळांची सोय असलेलं रुग्णालय गाठा. दुकानातून आणून हे औषध कधीही घेऊ नका.

गटाच्या पुढच्या बैठकीत प्रत्येक गरोदर मैत्रिणीला तिची तारीख विचारू या.