आधी बीए की थेट एनबीए?

शाळा संपतेय, दारात कॉलेजचे कोच उभे आणि फोनवर कोट्यवधींच्या कराराची कुजबुज! अमेरिकेतल्या बास्केटबॉल खेळणाऱ्या उंच उंच पोरांपुढे हा पेच गेली पन्नासेक वर्षं आहे. आणि त्यातून निघालेले किस्से? एकेक थ्री-पॉइंटर!

माहीत आहे का, हे भांडण थेट सुप्रीम कोर्टात गेलं होतं? शाळा सुटून चार वर्षं होईपर्यंत एनबीए या व्यावसायिक लीगमध्ये नो एंट्री, असा तेव्हाचा नियम. लहानपणी मिसिसिपीत कापूस वेचणारा स्पेन्सर हेवूड त्याला भिडला आणि १९७१ मध्ये कोर्टाचा कौल त्याच्या बाजूने लागला. आजच्या प्रत्येक तरुण करोडपती खेळाडूने या माणसाला कडक सलाम ठोकायलाच हवा!

मोझेस मलोनचं १९७४ मध्ये मेरीलँड विद्यापीठात जायचं पक्कं झालं होतं. पण गडी वळला प्रतिस्पर्धी एबीए लीगच्या युटा स्टार्सकडे, शाळेतून थेट! पुढे एनबीएचा एमव्हीपी, म्हणजे सर्वात मौल्यवान खेळाडू, किती वेळा? तीन!

कोबी ब्रायंटही शाळेतून थेट. १९९६ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीए संघांच्या नव्या खेळाडूंच्या निवडीत, निवडला गेला तेव्हा फक्त १७ वर्षांचा. लेकर्सच्या करारावर आईवडिलांनाही सही करावी लागली!

मग २००५ मध्ये एनबीए आणि खेळाडू संघटनेत नवा करार झाला आणि शाळेतून थेट उडीला ब्रेक लागला. वय किमान १९, शिवाय शाळेनंतर एक वर्ष जायलाच हवं. झालं, पोरं एक वर्ष कॉलेजात डोकावून पसार होऊ लागली. या पळापळीचं नावच पडलं 'वन अँड डन'.

यात आपला माणूस? आहे ना! पंजाबातल्या बल्लो के गावचा सतनाम सिंग. कॉलेज नाही, परदेशी लीग नाही, फ्लोरिडाच्या अकादमीतून उठला आणि २०१५ मध्ये डॅलसने त्याला ५२ व्या क्रमांकावर उचललं. एनबीएने ड्राफ्ट केलेला पहिला भारतीय!

आता जरा हळवं होऊ या. टिम डंकन कॉलेजातून लवकर निघाला असता तर पैशांचा पाऊस पडला असता. पण त्याने आईला पदवीचा शब्द दिला होता. आई तो १३ वर्षांचा असतानाच गेली. पठ्ठ्या वेक फॉरेस्टमध्ये पूर्ण चार वर्षं शिकला, मानसशास्त्राची पदवी घेतली आणि १९९७ मध्ये ड्राफ्टचा पहिला नंबर! वर पाच एनबीए विजेतेपदं. या अख्ख्या यादीतला माझा हिरो हाच.

विन्स कार्टरचा दिवस ऐका. २० मे २००१. सकाळी नॉर्थ कॅरोलायनात पदवीदान, त्याच दिवशी फिलाडेल्फियात एनबीए प्लेऑफचा निर्णायक सातवा सामना. शेवटचा शॉट हुकला, टीम एका गुणाने हरली!

शकील ओनील १९९२ ला कॉलेज सोडून गेला, २००० मध्ये पदवी घेतली आणि २०१२ मध्ये मिळवली चक्क डॉक्टरेट!

पण खरी पलटी आत्ताची. जुलै २०२१ पासून कॉलेज खेळाडूंना जाहिरातींतून कमावता येतं. २०२५ पासून तर विद्यापीठंही थेट पैसे देऊ शकतात! माहीत आहे का, आयोवा विद्यापीठ गाजवणाऱ्या केटलिन क्लार्कचा महिलांच्या डब्ल्यूएनबीए लीगमधला पहिल्या वर्षाचा पगार किती होता? ७६,५३५ डॉलर! जाहिरातींची कमाई मात्र ती कॉलेजात असतानाच लाखो डॉलरांत.

कूपर फ्लॅगने ड्यूक विद्यापीठात एकच वर्ष काढलं, जाहिराती केल्या आणि २०२५ मध्ये १८ व्या वर्षी ड्राफ्टचा पहिला नंबर पटकावला. पुढचा ड्राफ्ट बघाल तेव्हा प्रत्येक नावाशेजारचं कॉलेजही नक्की वाचा!