रांगेतली भावंडे

न्यूयॉर्कच्या बंदरात स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याच्या पायथ्याशी बसून, ३ ऑक्टोबर १९६५ रोजी, राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी स्थलांतराच्या ज्या कायद्यावर स्वाक्षरी केली, तो काही क्रांतिकारक कायदा नव्हे, असा निर्वाळा त्यांनी त्याच समारंभात दिला होता. पूर्वी १९४६ च्या कायद्याने भारताच्या वाट्याला वर्षाकाठी अवघ्या शंभर माणसांचा कोटा ठेवलेला होता. नव्या कायद्याने वंशागणिक कोटे मोडीत काढले व नातेसंबंधांना अग्रक्रम दिला. ही नात्याची ओढ कायद्यात शिरली ती मात्र निव्वळ वात्सल्यापोटी नव्हे. प्रतिनिधिगृहातील स्थलांतरविषयक उपसमितीच्या अध्यक्षांचा आग्रहच असा होता की, कौशल्यापेक्षा रक्ताचे नाते श्रेष्ठ मानावे. कारण देशात बहुसंख्य लोक युरोपीय वंशाचे असल्याने त्यांचे आप्तही युरोपातूनच येतील आणि देशाचा चेहरामोहरा आहे तसा राहील. हिशेब चोख होता, पण युरोप तोवर सुस्थितीत आला होता. आले ते आशियातील डॉक्टर आणि इंजिनिअर. ते यथावकाश नागरिक झाले, आणि नागरिक होताच त्यांना गावाकडच्या दादाची व ताईची आठवण झाली.

येथे नात्यानात्यांत कायद्याने केलेला भेद ध्यानात घ्यावा लागतो. नागरिकाची पत्नी वा पती, एकवीस वर्षांखालील अविवाहित अपत्ये आणि, नागरिक स्वतः एकवीस वर्षांचा झालेला असल्यास, त्याचे आईवडील यांच्या संख्येवर मर्यादा नाही. कागदपत्रांना लागेल तेवढाच काय तो विलंब. भावंडांची गोष्ट निराळी. ज्याच्याजवळ केवळ ग्रीन कार्ड आहे त्याला भावंडासाठी अर्जच करता येत नाही, आणि नागरिकाने केला तरी १९९० च्या कायद्याप्रमाणे साऱ्या जगातील भावंडांसाठी मिळून मुख्यत्वे ६५,००० व्हिसे वर्षाला राखलेले असतात. त्यातही भाऊ एकटा मोजला जात नाही. भावजय आणि पुतणेही त्याच आकड्यात धरले जातात. शिवाय मर्यादित संख्येच्या व्हिशांपैकी सर्वसाधारणपणे सात टक्क्यांहून अधिक कोणत्याही एका देशाला द्यायचे नाहीत, असा दंडक आहे. परिणामी, परराष्ट्र खाते दरमहा जे ‘व्हिसा बुलेटिन’ काढते त्यात, २०२५ च्या अखेरीस, भारतातील भावंडांपैकी २००६ साली अर्ज दाखल झालेल्यांचा क्रमांक लागत होता. अर्ज दाखल झाला तो दिवस म्हणजे ‘प्रायॉरिटी डेट’, आणि पुढली एकोणीस वर्षे ती तारीख घरात जन्मतिथीसारखी पाठ असते.

जन्मतिथीचे नाव काढले म्हणून सांगतो. आमच्या परिचयातील एका वृद्ध काकूंची संचिका मला चाळावयास मिळाली. अर्ज केला त्यांच्या धाकट्या भावाने. सिद्ध करावयाचे ते इतकेच की दोघांचे आईबाप एक. भावाची जन्मनोंद नगरपालिकेत सापडली. काकू जन्मल्या खेड्यात, जन्ममृत्यूच्या नोंदणीचा १९६९ चा कायदा होण्याच्या कितीतरी आधी. कोतवाल बुकाचा उतारा तहसील कचेरीतून मिळाला तेव्हा त्यात वडिलांच्या नावापुढे नुसते ‘मुलगी’ एवढेच लिहिलेले. बारशाची वाट कोतवालाने पाहिली नव्हती. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर नाव होते, पण जन्मतारीख १ जून, म्हणजे हेडमास्तरांनी त्या काळी सरसकट सगळ्या वर्गाला बहाल केलेली. लग्नात सासरच्यांनी तांदळाच्या ताटात अंगठीने नवे नाव लिहिले आणि माहेरची सुमन कागदोपत्री नाहीशी झाली. मग नोंद अपुरी असल्याचा दाखला, वडीलधाऱ्या मंडळींची प्रतिज्ञापत्रे, विवाहाचा दाखला, अशी दस्तऐवजांची चळत रचून एका बहिणीला आपण बहीण असल्याचे शाबीत करावे लागले. हा जाच परदेशी सरकारचा, असे म्हणून मोकळे होता येत नाही. आपण आपल्या मुलींची नोंद कशी ठेवली, हाही प्रश्न त्या चळतीत दडलेला आहे.

परंतु खरी गफलत पुढच्या पिढीच्या वयात आहे. बहुतेक भाऊ अर्ज करवून घेतात तो मुलांसाठी, आणि एकवीस वर्षांचे झाले की मूल कायद्याच्या दृष्टीने मूल राहत नाही. २००२ च्या एका कायद्याने यावर थोडी मलमपट्टी केली: अर्ज मंजुरीविना जितका काळ दफ्तरात पडून राहिला, तितका काळ मुलाच्या वयातून वजा करावा. यातून असा चमत्कार उद्भवतो की, क्रमांक लागला तेव्हा चोवीस वर्षांची असलेली पुतणी, अर्ज निकालात निघायला पाच वर्षे लागली असतील तर हिशेबाने एकोणीसची ठरून बचावते. आणि तोच अर्ज एखाद्या तत्पर कारकुनाने सहा महिन्यांत मंजूर केलेला असेल तर ती साडेतेवीसची ठरून मागे राहते. कचेरीचा विलंब जमेस धरला जातो, रांगेतला नाही. अशा वय उलटलेल्या मुलांना आईबापांची जुनी तारीख पुढच्या अर्जासाठी वापरता येत नाही, असा निकाल तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली दिला. वृद्ध जोडपे विमानात बसते आणि ज्यांच्यासाठी सारा खटाटोप केला ती मुले मुंबईच्या विमानतळावर हात हलवीत उभी राहतात, हे दृश्य त्यामुळे अपवादाचे उरलेले नाही.

हमीपत्राचीही अशीच तऱ्हा. येणाऱ्या आप्ताचा भार सरकारवर पडू देणार नाही, अशी कायद्याने बंधनकारक हमी अर्जदाराने द्यायची. त्याचे उत्पन्न येणाऱ्यांसह साऱ्या कुटुंबाच्या दारिद्र्यरेषेच्या निदान सव्वापट हवे. आणि ही जबाबदारी सामान्यतः तो आप्त नागरिक होईपर्यंत, किंवा त्याच्या खात्यावर सुमारे दहा वर्षांचे काम जमा होईपर्यंत, सुटत नाही. अर्ज करताना चाळिशीत असलेला भाऊ क्रमांक लागेपर्यंत निवृत्त झालेला असतो, आणि मग दुसरा जामीन शोधत फिरावे लागते.

माझे स्पष्ट मत असे की, भावंडासाठी अर्ज अवश्य करावा, पण त्याच्या भरवशावर मुलांचे शिक्षण, लग्न वा घर एक दिवसही लांबणीवर टाकू नये. आणि ज्यांचे अर्ज मंजूर होऊन न्यू हॅम्पशायरमधील पोर्ट्समथच्या नॅशनल व्हिसा सेंटरमध्ये पडून आहेत, त्यांनी आपला चालू पत्ता व ई-मेल तेथे आजच कळवावा. कारण व्हिसा उपलब्ध झाल्याची सूचना निघाल्यापासून एका वर्षात हालचाल न केल्यास एकोणीस वर्षांची नोंदणी रद्द होऊ शकते, आणि ती सूचना पुष्कळदा जुन्या वाड्याच्या पत्त्यावरच जाते.